मधुमेही पायाचा व्रण आणि जीवनसत्त्व ‘ड’ : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे प्रामुख्याने शेतीवर जगणारे आहेत. काळ्या मातीत अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने चालणे, तुरीचे वा पऱ्हाटीचे धसकट पायात घुसणे, बाभळीचा काटा मोडणे, टाचांना भेगा पडणे या गोष्टी येथील माणसाला नव्या नाहीत. पूर्वी अशी जखम झाली की ती दुखत असे, आणि दुखत असे म्हणूनच माणूस त्या पायावर भार देणे टाळत असे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हा क्रम मोडतो. त्याच्या पायाच्या संवेदना मंदावलेल्या असतात. काटा रुततो, पण कळत नाही. त्याच पायावर दिवसभर चालणे होते. जखम खोल जाते, चिघळते आणि काही वेळा हाडापर्यंत पोहोचते. अशा व्रणाची परिणती बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालील पाय कापण्यात होऊ शकते. हातावर पोट असलेल्या कुटुंबात पाय गमावणे म्हणजे रोजगार गमावणे होय.

गेल्या काही वर्षांत या व्रणाच्या संदर्भात जीवनसत्त्व ‘ड’ ची चर्चा वाढली आहे. या जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळे जखमा भरत नाहीत आणि ते भरपूर दिल्यास त्या भरतात, असा समज रुग्णांमध्ये रुजत आहे. हा समज कितपत योग्य आहे, हे ठरविणे वैद्यकशास्त्राचे काम आहे. परंतु हे ज्ञान कोणत्या क्रमाने, कोठे आणि कोणाच्या निरीक्षणातून आले, हे सांगणे इतिहासाचे काम आहे. प्रस्तुत निबंधात हा क्रम तपासला आहे. जीवनसत्त्व ‘ड’ चा इतिहास आणि मधुमेही पायाचा इतिहास हे दोन्ही प्रवाह भारतातून, त्यातही एक महाराष्ट्रातून, वाहत आलेले आहेत. दोहोंचा मूळ धडा औषधाचा नसून माणसाच्या राहणीचा आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्राचीन परंपरेतील प्रमेह आणि व्रण :

भारतीय वैद्यकात मधुमेहाची ओळख प्राचीन आहे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहामुळे उद्भवणाऱ्या पिडकांचा, म्हणजे गळवांचा, स्वतंत्र विचार केलेला आहे. मधुमेही माणसाच्या रसवाहिन्या दुर्बल झाल्याने दोष वर चढू शकत नाहीत व म्हणून पिडका शरीराच्या खालच्या भागात उत्पन्न होतात, अशा आशयाचे विवेचन तेथे आढळते. याच ग्रंथात व्रणाच्या साठ उपक्रमांचे वर्णन आहे. त्यात शोधन, रोपण, बंधन इत्यादींचा समावेश होतो.

या उल्लेखांतून आधुनिक चेताविकृतीचा किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराचा सिद्धान्त प्राचीनांना ज्ञात होता असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. त्यांची परिभाषा वेगळी होती आणि शरीराविषयीची कल्पनाही वेगळी होती. मात्र दोन निरीक्षणे निःसंशय त्यांची आहेत. पहिले म्हणजे मधुमेहाचा आणि शरीराच्या खालच्या भागातील दुष्ट व्रणांचा संबंध. दुसरे म्हणजे जखम भरून येण्यासाठी ती आधी स्वच्छ व्हावी लागते हा विचार. त्यांपैकी दुसरे तत्त्व आजच्या उपचारातही पहिल्या पायरीवर आहे.

१९२२ : एकाच वर्षातील तीन घटना :

या विषयाच्या इतिहासात १९२२ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी घडल्या व त्यांचा परस्परांशी संबंध त्या वेळी कोणाच्याही ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

पहिली घटना कॅनडातील टोरांटो येथील होय. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्शुलिनची पहिली टोचणी देण्यात आली. तोपर्यंत असाध्य असलेला मधुमेह यानंतर दीर्घकाळ सोबत बाळगता येणारा आजार बनला. दुसरी घटना अमेरिकेतील होय. मुडदूस या बालरोगावर कॉड माशाच्या यकृताचे तेल उपयोगी पडते, हे इंग्लंडमधील एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते. त्या तेलातील मुडदूसरोधक घटक जीवनसत्त्व ‘अ’ पेक्षा वेगळा आहे, हे एल्मर मॅककॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले आणि पुढे त्यास ‘ड’ हे नाव मिळाले.

तिसरी घटना नाशिकची होय. हचिसन व शहा या दोन डॉक्टरांचा मुडदुसाच्या कारणांविषयीचा प्रबंध १९२२ मध्ये इंग्लंडमधील ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन घटना जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. तिसरी मात्र महाराष्ट्रातही फारशी सांगितली जात नाही.

नाशिकचे निरीक्षण :

मुडदूस हा युरोपातील धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांचा रोग मानला जात असे. स्कॉटलंडमध्ये शिकलेले व जपानमध्ये वैद्यकसेवा केलेले थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्येच या रोगाचे मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावात असल्याचे मत मांडले होते. त्यांच्या मताकडे त्या वेळी पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा करून दाखविला. तरीही रोगाचे कारण आहार की प्रकाश, हा वाद चालूच होता.

उन्हाची कधीही वाण नसलेल्या नाशिक परिसरात या वादाची जणू नैसर्गिक कसोटीच होती. हचिसन व शहा यांना तेथे असे दिसले की, उघड्यावर कष्ट करणाऱ्या गरीब हिंदू कुटुंबांचा आहार एकसुरी, बव्हंशी धान्याचा आणि पोषणाच्या दृष्टीने निकृष्ट असूनही त्यांच्यात मुडदूस जवळपास आढळत नाही. याउलट, गोषा पाळणाऱ्या सुस्थितीतील मुस्लिम व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत आहार चांगला असूनही स्त्रिया व मुले या रोगाने ग्रस्त आहेत. बाळंतपणानंतर दीर्घकाळ घरात राहणारी आई आणि तिच्यासोबत घरातच वाढणारे मूल यांना ऊन मिळत नव्हते. रोगाचे कारण ताटात नसून भिंतीत होते.

या निरीक्षणाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर आहार व प्रकाश या दोहोंचा वाद सोडविण्यास त्याने हातभार लावला. दुसरे म्हणजे, रोगाचे कारण धर्म किंवा जात हे नसून घरातील कोंडलेपण आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. कारण गोषा पाळणारी कुटुंबे दोन्ही धर्मांत होती. पुढे काश्मीरमध्ये कॅथलीन वॉन यांनीही गोषा व अस्थिमृदुता यांचा संबंध मांडला. प्रयोगशाळेतील शोध दुसऱ्या मार्गाने पुढे गेला. त्वचेतील एका द्रव्यावर अतिनील किरण पडून हे जीवनसत्त्व तयार होते, हे उलगडण्यात जर्मनीच्या अडॉल्फ विंडाउस यांचा मोठा वाटा होता व त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्शुलिननंतरचा पाय :

इन्शुलिनमुळे मधुमेही माणूस जगू लागला. पण दीर्घ जगण्याबरोबर नवे प्रश्न उभे राहिले. पूर्वी रुग्ण बेशुद्धावस्थेत दगावत. आता ते वर्षानुवर्षे जगून पाय सडण्याच्या अवस्थेला पोहोचू लागले. अमेरिकेतील विख्यात मधुमेहतज्ज्ञ इलियट जोसलिन यांनी १९३४ मध्ये मधुमेहातील कोथाच्या संकटावर स्वतंत्र लेख लिहून पायाची स्वच्छता व काळजी यांवर भर दिला.

मधुमेहात पायाला आरपार व्रण पडतात व त्यामागे मज्जातंतूंचा विकार असतो, हे ब्रिटिश शल्यचिकित्सक डेव्हिस प्राइस यांनी १८८७ मध्येच नोंदविले होते. परंतु पुढील काळात वैद्यकीय लक्ष मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अवरोधाकडे वळले. पाय सडतो तो रक्त पोहोचत नाही म्हणून, असे मानले जाऊ लागले व शस्त्रक्रियेने पाय काढणे हा स्वाभाविक उपाय ठरला. बधिर पायावर पडणारा भार हेच अनेक व्रणांचे कारण असते, हा विचार मागे पडला. तो परत आला तो मधुमेहाच्या दवाखान्यातून नव्हे, तर कुष्ठरोग्यांच्या वसाहतींतून.

कुष्ठरोगाचा धडा :

१९४८ पूर्वी नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९०० मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेने नांदेड एका बाजूस मनमाडशी व दुसऱ्या बाजूस निजामाबादमार्गे हैदराबादशी जोडले गेले. याच मार्गावर निजामाबादजवळ डिचपल्ली येथे इसाबेल केर या मिशनरी डॉक्टरांच्या पुढाकाराने १९१५ च्या सुमारास कुष्ठरोग्यांचे रुग्णालय उभे राहिले. विदर्भात मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित विद्वानाची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. मराठवाड्याच्या पूर्वेस व उत्तरेस कुष्ठसेवेची अशी परंपरा होती. या सर्व ठिकाणी रोजचे काम एकच होते : बधिर पायाच्या जखमा धुणे व बांधणे.

या जखमांचा अर्थ बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने पॉल ब्रँड यांच्याकडे जाते. भारतातच जन्मलेले हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोग्यांची बोटे व पाय रोगाच्या जंतूंनी झडतात, असा तोवरचा समज होता. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ऱ्हासाचे मोठे कारण वेदनेचा अभाव हे आहे. निरोगी माणूस चालताना पायाचा भार नकळत बदलत राहतो. बधिर पाय मात्र एकाच जागी पुनःपुन्हा दबतो. तेथील ऊती मरतात व व्रण पडतो. म्हणून उपचार दोन : जखम असताना त्या जागेवरील भार काढून घेणे व जखम भरल्यावर पादत्राण बदलणे. श्रीलंकेत मिलरॉय पॉल व भारतात जोसेफ खान यांनी १९३० च्या दशकातच अशा व्रणांसाठी पायाला घट्ट प्लॅस्टर घालण्याची पद्धत वापरली होती. ब्रँड यांनी ती विकसित केली. तिलाच पुढे पूर्णस्पर्शी प्लॅस्टर असे नाव पडले. त्यासोबत सूक्ष्मछिद्री मऊ रबराच्या चपला आल्या.

महाराष्ट्रात नोशीर अंतिया यांनी १९५० च्या दशकात पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात पुनर्रचना शस्त्रक्रियेचे काम केले व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग घडविला. कुष्ठरोग्याला समाजापासून वेगळे न काढता सामान्य रुग्णालयातच उपचार मिळावेत, हा त्यांचा आग्रह होता.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत मधुमेही रुग्णांवर वापरली व तिचे चांगले परिणाम मिळाले. दक्षिण आशियातील गरीब कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकविलेला धडा अशा रीतीने श्रीमंत देशातील मधुमेह्यांच्या उपचाराचा आधार बनला. आज भारमुक्ती ही मधुमेही पायाच्या उपचाराची मूलभूत पायरी मानली जाते.

मराठवाड्यातील वैद्यकसेवा आणि बदलते रोगचित्र :

हैदराबाद संस्थानाच्या काळात गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी मराठवाड्यातील रुग्णाला हैदराबादकडे पाहावे लागे. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर या प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाची सोय क्रमाक्रमाने झाली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये, अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये, नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. ग्रामीण भागाच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून स्थापन झालेले अंबाजोगाईचे महाविद्यालय यांत वैशिष्ट्यपूर्ण आहे.

याच काळात रोगांचे चित्र पालटत होते. बहुविध औषधोपचारपद्धती १९८२ पासून आल्यानंतर कुष्ठरोगाचे प्रमाण झपाट्याने घटले व डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. त्याच वेळी मधुमेह वाढत होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ८.४ टक्के मधुमेही आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी निष्कर्षांनुसार हे राष्ट्रीय प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती इतके होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासातून असे दाखविले की, वजनाने लहान भारतीय अर्भकातही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. मधुमेह हा केवळ शहरी सुखवस्तूंचा रोग होय, ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली.

येथे इतिहासाचा एक विरोधाभास जाणवतो. बधिर पाय कसा सांभाळावा, रोज तळवा कसा तपासावा, चप्पल कशी असावी, हे ज्ञान कुष्ठरोग कार्यक्रमातील कर्मचाऱ्यांपाशी अनेक दशके होते. तो कार्यक्रम आकसत गेला आणि मधुमेहाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला. एकाच गावातील दोन बधिर पाय दोन वेगळ्या खात्यांत गेले. कुष्ठरोग्यासाठी असलेली मऊ रबराची चप्पल मधुमेह्याने घालावी, तर ‘महारोग्याची चप्पल’ म्हणून तिची लाज वाटते. रोगाभोवतीचा जुना कलंक अशा प्रकारे नव्या रोग्यालाही भोवतो. महाराष्ट्रात नागपूरचे शरद पेंडसे व मुंबईचे अरुण बाळ या डॉक्टरांनी मधुमेही पायाचे प्रशिक्षण व जागृती यांसाठी केलेले काम या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते.

जीवनसत्त्व ‘ड’ आणि व्रण : संशोधनाचा प्रवास :

सूर्य व हाडे यांच्यापुरते मर्यादित असलेले हे जीवनसत्त्व जखमेपर्यंत कसे पोहोचले, हेही पाहणे आवश्यक आहे. १९३० च्या दशकात जर्मनीतील शल्यचिकित्सक व्हिल्हेल्म लोहर यांनी कॉड माशाच्या तेलाचे मलम जखमांवर लावून त्यावर प्लॅस्टर घालण्याची पद्धत रूढ केली. त्या तेलात ‘अ’ व ‘ड’ ही दोन्ही जीवनसत्त्वे असल्याने परिणामाचे श्रेय कोणाचे, हे वेगळे काढणे शक्य नव्हते. शिवाय प्लॅस्टरने मिळणारी विश्रांती हाही एक घटक होताच.

आधुनिक काळात या संबंधाला जीवशास्त्रीय आधार मिळाला. त्वचेतील व रक्तातील संरक्षक पेशी जीवनसत्त्व ‘ड’ च्या साहाय्याने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करतात, हे २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी क्षयाच्या जंतूंच्या संदर्भात दाखविले. त्वचेला इजा झाली की जखमेभोवतीच्या पेशी हे जीवनसत्त्व कार्यक्षम रूपात आणण्याची क्षमता वाढवितात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनातून पुढे आले. भारतात बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, पायात जंतुसंसर्ग असलेल्या मधुमेह्यांमध्ये या जीवनसत्त्वाची तीव्र उणीव इतर मधुमेह्यांपेक्षा अधिक आढळली.

मात्र सहअस्तित्व म्हणजे कारण नव्हे. पायाला जखम असलेला माणूस घरात पडून राहतो, ऊन घेत नाही, त्याची भूक मंदावते. त्यामुळे उणीव ही जखमेचे कारण नसून परिणामही असू शकते. नाशिकच्या अभ्यासाचा तर्क येथे उलट दिशेनेही लागू पडतो : भिंतीआड राहणाऱ्याचे ‘ड’ घटते, आणि जखम माणसाला भिंतीआड नेते.

हा गुंता सोडविण्यासाठी तुलनात्मक चाचण्या आवश्यक ठरतात. इराणमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० रुग्णांना १२ आठवडे, दर दोन आठवड्यांनी ५०,००० एकक ‘ड’ अथवा निष्प्रभ गोळी देण्यात आली व ‘ड’ मिळालेल्या गटात व्रणाचा आकार अधिक घटला. डेन्मार्कमध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ रुग्णांपैकी काहींना रोज १७० मायक्रोग्रॅम, तर काहींना २० मायक्रोग्रॅम मात्रा ४८ आठवडे देण्यात आली. मोठ्या मात्रेच्या गटात व्रण भरण्याचे प्रमाण अधिक होते. हे निष्कर्ष आशादायक असले तरी रुग्णसंख्या लहान आहे. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत व्रण भरण्याच्या हेतूने जीवनसत्त्वांची पुरवणी देण्याची शिफारस केलेली नाही. मधुमेह टाळण्यासाठी ‘ड’ उपयोगी पडते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत २,४२३ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत २०१९ मध्ये लक्षणीय फायदा दिसला नव्हता, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल. लहान चाचणीतील आशा मोठ्या चाचणीत टिकतेच असे नाही.

अतिरेकी मात्रेचा धोकाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. ते अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मधुमेह्यांत मूत्रपिंड आधीच दुबळे असण्याची शक्यता असते. भारतात प्रचलित असलेली ६०,००० एककांची मात्रा बहुधा आठवड्याला एकदा, ठरावीक काळापुरती द्यावयाची असते. ती रोज घेतली गेल्यास अपाय संभवतो.

उन्हाच्या प्रदेशातील उणीव :

नांदेडमध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. अशा प्रदेशात उन्हातून मिळणारे जीवनसत्त्व कमी पडावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते. परंतु दिल्लीतील निरोगी व्यक्तींमध्येही याचे प्रमाण कमी असल्याचे २००० मध्ये रवींदर गोस्वामी व सहकाऱ्यांनी दाखविले होते. पुण्यातील गरीब वस्तीतील पाळणाघरांच्या २०१० मधील अभ्यासात उन्हात खेळणाऱ्या बालकांच्या तुलनेत बहुतांश वेळ आत ठेवल्या जाणाऱ्या बालकांत ‘ड’ कमी आढळले. नाशिकचा १९२२ चा अनुभव अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पुण्यात पुन्हा आला. फक्त गोषाची जागा पाळणाघराच्या भिंतीने घेतली होती.

सावळ्या त्वचेला पुरेसे ‘ड’ तयार करण्यास अधिक वेळ लागतो. कोवळ्या सकाळी किंवा सायंकाळी त्यासाठी लागणारे किरण फारसे पोहोचत नाहीत, आणि दुपारी मराठवाड्यातील माणूस साहजिकच सावली शोधतो. अंगभर कपडे, कार्यालयीन व दुकानातील कामे, वाढलेले वजन ही कारणे त्यात भर घालतात. परंतु मधुमेह्यास ‘ऊन घ्या’ असा सरसकट सल्ला देताना त्याचा पाय विसरून चालणार नाही. तापलेल्या फरशीवर, डांबरी रस्त्यावर किंवा माहूर व तुळजापूरच्या वाटेवर अनवाणी चाललेल्या बधिर पायास भाजलेलेही कळत नाही. ऊन अंगाला हवे, तळव्याला नव्हे. श्रद्धेचा मान राखूनही, बधिर पायाच्या भाविकाला अनवाणी चालण्यापासून परावृत्त करणे कुटुंबीयांचे व पुजाऱ्यांचेही कर्तव्य ठरते.

निष्कर्ष :

१. मधुमेही पायाच्या उपचाराचा मुख्य आधार असलेले भारमुक्तीचे तत्त्व दक्षिण आशियातील कुष्ठसेवेतून जगाला मिळाले. मधुमेहाच्या आजच्या सेवेने तो वारसा जाणीवपूर्वक स्वीकारला पाहिजे.

२. सूर्यप्रकाशाच्या अभावाने रोग होतो, हे सिद्ध करण्यात नाशिक येथील १९२२ च्या अभ्यासाचा वाटा मोलाचा आहे. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात त्यास योग्य स्थान मिळणे आवश्यक आहे.

३. जीवनसत्त्व ‘ड’ ची उणीव असल्यास ती वैद्यकीय सल्ल्याने भरून काढणे इष्ट आहे. परंतु ते व्रणावरील मुख्य उपचाराचा पर्याय ठरू शकत नाही. जखम स्वच्छ करणे, तिच्यावरील भार काढणे, जंतुसंसर्ग आवरणे, रक्तपुरवठा तपासणे व रक्तातील साखर नियंत्रित ठेवणे हा क्रम आधी येतो.

४. कुष्ठरोग व मधुमेह या दोन कार्यक्रमांतील पाय सांभाळण्याचे ज्ञान, पादत्राणे व प्रशिक्षित कर्मचारी यांचा एकत्रित उपयोग प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर होणे हितावह आहे.

५. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावकऱ्यांना रोज रात्री तळवा तपासण्याची, चप्पल घालण्यापूर्वी ती झटकण्याची व जखम दुखत नसली तरी त्वरित दाखविण्याची सवय लावता येईल.

नाशिकमध्ये रोग भिंतीमुळे झाला आणि वेल्लोरमध्ये पाय चपलेच्या अभावी गेला, हे दोन्ही शोध माणसे कशी राहतात, कशी चालतात, याकडे पाहिल्याने लागले. गोळीने राहणी बदलत नाही. मराठवाड्यातील कापले जाणारे पाय वाचवायचे असतील तर औषधाच्या दुकानाकडे जाण्यापूर्वी शेताच्या बांधावर, घराच्या उंबऱ्यावर आणि माणसाच्या तळव्यावर नजर जाणे अगत्याचे आहे.